डाव्या हातानं दिलेली तंबाखू

त्या बाईनं मला तंबाखू दिली आणि मी ती तव्यावर भाजली. दुसरं काय करणार? आमच्याकडं तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, चुरतात आणि सकाळी उठून दाताला लावतात. मिसरी म्हणतात तिला. आई लावायची, सासू लावायची, मी लावते. बर्मिंगहॅमला येऊन जन्म गेला तरी सुटली नाही. माझी मुलगी हॉस्पिटलात नर्स आहे. ती माझ्या डबीकडं असं बघते जसा काही आत विंचू बसलाय. बघू दे. दात माझे आहेत.

पण ती तंबाखू भाजायची नव्हती. ते मला मागनं कळलं. आधीपासून सांगते.

मी तेव्हा एका हॉलमध्ये सफाईचं काम करायचे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो इथल्या फाउंड्रीत होता, छातीत धूळ भरून गेला. हॉल म्हणजे खाली बार, वर मोठं स्टेज, मागं एक लहान खोली. त्या लहान खोलीत दर गुरुवारी गिटारवाले यायचे. फोक म्हणतात त्याला. दाढीवाले गोरे लोक कानात बोट घालून बोटीची, मेंढरांची, बुडालेल्या माणसांची जुनी गाणी म्हणायचे. मी बाहेर पुसत उभी राहायची. बरं वाटायचं ऐकायला. पुसताना मी पण गुणगुणायची, पण माझं माझ्यापुरतं.

तिथं एक पद्धत होती. लांबून कुणी गाणारा आला तर त्याला हॉटेलात ठेवायचे नाहीत, कामावरच्या कुणाच्या तरी घरी ठेवायचे. एकदा मॅनेजर मला म्हणाला, "कॅनडाहून एक बाई येतीय, उन्हाळाभर राहील. तीपण इंडियन, तुम्हीपण इंडियन. जमेल तुमचं." माणूस तसा वाईट नव्हता. नावानं हाक मारायचा, ख्रिसमसला चॉकलेटचा डबा द्यायचा. मला वाटलं कुणी गुजरातीण नाहीतर पंजाबीण असेल. मी डाळ शिजवली, चपात्या करून ठेवल्या.

दार उघडलं तर जीन्स, मोठाले बूट, पाठीवर पिशवी, हातात गिटारची पेटी. चाळिशी उलटलेली. तोंड उन्हावाऱ्यात रापलेलं, आपल्याकडच्या डोंगरातल्या बाईसारखं. म्हटलं, "गाव कुठलं तुझं?"

"कॅनडा."

"ते झालं. कॅनडाच्या आधी?"

"आधीपण कॅनडाच, आंटी. त्याच्या आधीपण." आणि हसली. "बाकीचे सगळे कुठून कुठून आले. आम्ही तिथंच होतो."

ओजिब्वे म्हणतात तिच्या लोकांना. मोठमोठ्या तळ्यांच्या काठचे लोक. मला ते नाव म्हणायला बरेच दिवस लागले, तिला 'मिसरी' म्हणायला लागले तेवढेच. पण 'आंटी' तिला शिकवावं लागलं नाही. त्यांच्याकडंपण मोठ्या बाईला आंटीच म्हणतात म्हणे.

उन्हाळाभर माझं घर म्हणजे तिचं ठाणं. शेफिल्डला जायची, न्यूकॅसलला जायची, लांब पल्ल्याच्या बसनं, कोचनं, परत यायची, आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर मेथी निवडत बसायची. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण मेथी निवडताना माणूस सावकाश बोलतो, त्यामुळं कळायचं.

तिनं सांगितलं ते असं. लहान असताना सरकारनं तिला आईपासून उचललं आणि लांबच्या शाळेत टाकलं. तिथं केस कापले. तिच्या भाषेत बोलली म्हणून साबणानं तोंड धुतलं. त्या शाळेतनं सुटून घरी आली तर आजीशी बोलायला शब्दच नाहीत. आजी रेडिओवरची गाणी म्हणायची, मामा गिटार वाजवायचा. मग ती गिटारवरच बोलायला शिकली. खाणीच्या गावातल्या दारूच्या गुत्त्यांत गायली. मोटारीत झोपून गावं फिरली. शेवटी एका कंपनीनं तिची रेकॉर्ड काढली. बरी चालली. दुसरीच्या वेळी कंपनीवाले म्हणाले, मध्ये बासरी घाल, गरुडाचं ओरडणं घाल, लोकांना तेच पाहिजे.

"आंटी, माझ्या गाण्यात गरुड कुठाय?" ती काडी मोडत म्हणाली. "माझ्या गाण्यात बसस्टॉप आहे. कपडे धुवायचं दुकान आहे. आई मासे कापायची ती फॅक्टरी आहे."

"मग?"

"मग काय. निघून आले."

म्हणून ती इकडं आली होती. इथले लोक साधी गाणी ऐकतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

पहिल्या गुरुवारी मी मॉप घेऊन दारात उभी राहिले. तिच्याबरोबर इथलीच दोन पोरं होती, एक ड्रमवर, एक जाड तारांच्या गिटारवर. तिनं गिटारची वायर लावली आणि असा आवाज काढला की कानात बोट घालणाऱ्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. नंतर काढली हळूहळू. गाणं आईच्या हाताचं होतं. आई कामावरनं येते, हात किती धुतले तरी मासळीचा वास जात नाही, त्याच हातानं ती पोरीची वेणी घालते. मला इंग्रजी निम्मं कळलं. तेवढं पुरलं. माझ्या नवऱ्याच्या उशीला फाउंड्रीचा वास यायचा. तो गेल्यावरपण यायचा.

तिच्या पेटीत गिटारशिवाय एक लहान डफ होता. आपल्या हलगीसारखाच, कातड्याचा. तो ती कधी स्टेजवर काढायची नाही. एकदा बाहेर गार होतं, पाऊस होता, तिनं तो काढला आणि माझ्या गॅस फायरपुढं धरून फिरवायला लागली. मध्येच बोट मारून बघायची, परत धरायची.

मी हातातलं काम टाकलं. म्हटलं, "कातडं तापवतीस?"

"तुम्हाला कसं माहीत?"

मला माहीत नसेल तर कुणाला? माझा बाप हलगी वाजवायचा. आमची वस्ती गावाच्या बाहेर. गावात लग्न असो, मिरवणूक असो, मयत असो, बापाला बोलावणं यायचं. वाजवायचं पुढं, जेवायचं मागं, तेपण लांब बसून. आणि जाताना अंगावर काय घालायचं तेपण गावच सांगायचं. फाटकी बंडी, कमरेला घुंगरं. पाटील म्हणायचा, हलगीवाल्याला तेच शोभतं. एका वर्षी आईनं बापाला पांढरा सदरा शिवला. बापानं तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली आणि तो घालून मिरवणुकीला गेला. मी त्याच्या मागं, हलगी तापवायला गवताचा भारा घेऊन. पाटलानं सगळ्यांसमोर सांगितलं, "सदरा काढ. लग्न तुझं हाय का?"

बाप म्हणाला, "सदरा ऱ्हाऊ द्या. हलगी काढतो." आणि गळ्यातली हलगी काढून रस्त्यात ठेवली.

त्याला मारलं. आमचं पाणी बंद केलं, काम बंद केलं. महिन्याच्या आत आम्ही गाव सोडलं आणि सांगलीला आलो. बाप गिरणीत लागला. मरेपर्यंत कुणाच्या हुकमावर त्यानं हलगीला हात लावला नाही. आम्हाला सांगून ठेवलं होतं, लोकांपुढं वाजवायचं नाही, गायचं नाही. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तिथं प्रार्थनेलापण तोंड मिटून उभी राहायची. बाईंनी छडी मारली तरी.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती डफ फिरवायचं विसरली. मीच तिच्या हातातनं घेतला, नाहीतर करपला असता.

"मग त्यांनी परत कधीच वाजवलं नाही?" तिनं विचारलं.

"वाजवायचा की. सुट्टीच्या दिवशी. बादली पालथी घालून, आम्हा पोरांसाठी."

तिनं माझ्या हातातनं डफ घेतला आणि जपून पेटीत ठेवला.

थोड्याच दिवसांनी मॅनेजर उड्या मारत आला. वरचा मोठा हॉल तिला द्यायचा ठरला होता. रेडिओवाले येऊन रेकॉर्डिंग करणार होते. रेडिओवर लागलं तर देशभर बोलावणी येणार होती. इतकी वर्षं मोटारीत झोपलेल्या बाईला असा दिवस परत कधी येणार? ती त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात नाचली. मला धरून नाचवलं. माझा गुडघा दोन दिवस दुखला.

मग पोस्टर आलं. ते पहिल्यांदा मीच बघितलं, कारण दाराची काच मी पुसायची. तोंड तिचंच होतं. पण डोक्यावर हा एवढाला पिसांचा मुकुट चिकटवलेला, पाठीपर्यंत, सिनेमातल्यासारखा. मी एक पोस्टर काढून घरी आणलं.

तिनं टेबलावर पसरून बघितलं. मला वाटलं ओरडेल. तिनं हळूच बोट पिसांवर ठेवलं.

"हे आमच्याकडं बायका घालत नाहीत, आंटी. आमच्याकडचं तर हे नाहीच. हे दुसऱ्या लोकांचं, माळावरच्या लोकांचं. तिथंपण माणसानं मोठं काही केलं तर एक एक पीस मिळतं. मी हे घालणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लढाईतली मेडलं छातीवर लावून फिरणं."

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरला सांगायला गेली. परत आली ती चहा न पिता बसून राहिली. तो म्हणाला होता, "पोस्टर छापून झालं. लोक ते बघून तिकीट काढतायत. फक्त पहिल्या गाण्याला घाल. आणि तो डफ पण आण, सुरुवात डफानं कर. मग वाजव तुझी गिटार."

"आणि डफ?" मी विचारलं.

"तो आजीचा आहे. तो तिकिटावर वाजवायचा नसतो."

"मग काय करणार?"

"गाणार. माझ्या कपड्यांत. बघू तो काय करतो."

एवढंच होतं बघा सगळं. ती तिच्या उघड्या डोक्यानं त्या स्टेजवर उभी राहणार, का राहणारच नाही. पुढचे कितीक दिवस माझ्या घरात दुसरं काही बोलणं नव्हतं.

त्यातच एका सकाळी मी मिसरी लावत सिंकपाशी उभी होते. तोंड भरलेलं. ती आली, लाल कापडाची एक पुरचुंडी पुढं केली, ती पण डाव्या हातानं. माझं डोकं सणकलं. डाव्या हातानं कुणी काही देतं का? पण वास आला आणि राग गेला. खरी पानाची तंबाखू, परसात लावून सावलीत वाळवलेली. इकडच्या दुकानात असली मिळत नाही. डबीतली माझी संपतच आली होती आणि मुलगी आणून देत नव्हती. बाई भराभरा काहीतरी बोलली. 'गाणं' कळलं, 'माझ्या आधी' कळलं, 'तुम्ही' कळलं. मला वाटलं माझ्या गाण्याच्या आधी येऊन बसा, असं म्हणतीय. मी भरल्या तोंडानं मान हलवली आणि म्हटलं, "येस, येस, थँक्यू."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, तंबाखूचा झणका असेल.

रविवारी मुलगी घरी होती. मी तवा तापवला, थोडी पानं पुढच्यासाठी कापडात ठेवली, बाकीची तव्यावर टाकली. धूर झाला आणि छतावरचा अलार्म कोकलायला लागला. मुलगी टॉवेल घेऊन धावली. बाई जिन्यावरनं खाली आली आणि तव्याकडं बघून जागच्या जागी थांबली.

"ती माझी तंबाखू आहे?"

"हो. झाली बघ. छान काळी झाली."

मुलगी टॉवेलनं वारा घालता घालता तिच्याशी इंग्रजीत बोलली. मग तिनं टॉवेल खाली टाकला. मुलीचं मराठी इथलंच, शाळेत गोऱ्या पोरांबरोबर वाढलेलं.

"आई, तू काय केलास! तो तंबाखू देवाचा असते! त्यांच्यात मोठी गोष्ट मागायचा असली ना, की आधी तंबाखू देतात, डावा हातानी, तो हार्टच्या जवळ असते म्हणून. घेतलं म्हणजे तू येस बोलली."

"काय मागितलं तिनं?"

"तू गायचं. तिच्या शोमध्ये. तिच्याआधी, स्टेजवर. तू फरशी पुसताना म्हणते ना, ती गाणं."

"मी? याड लागलंय का तिला?"

"ते तू तिला सांग. तू तर त्याची टूथपेस्ट केलीस!"

मी बाईकडं बघितलं. मला वाटलं आता ही पेटी उचलून जाते. तिनं तव्यातली चिमूट घेतली, बोटावर चोळली, हुंगली. "आणि ही दाताला?"

मी दात दाखवले.

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली की अलार्म बंद झाला तरी तिचं चालूच. मग मुलगी हसायला लागली. मी तवा पुसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

हसणं संपल्यावर ती म्हणाली, "आंटी, तुम्हाला कळलं नव्हतं. नको असेल तर नाही म्हणा. मी काही धरून बसणार नाही."

मी म्हटलं, "भाजली आता. परत पान होतंय का तिचं?"

पण रात्र पडायच्या आत दहा वेळा मन फिरलं. बापानं सांगून ठेवलेलं डोक्यात घुमत होतं. लोकांपुढं नाही. आणि दुसरीकडं ती पालथी बादली आठवत होती. बाप ती मांडीत घ्यायचा, डोळे मिटायचा, आणि गिरणीच्या चाळीतली पोरं सगळी आमच्या दारात. कुणी बोलावलेलं नसायचं, कुणी पैसे टाकायचे नाहीत, अंगात इस्त्रीचा सदरा असायचा. सुट्टीच्या दिवशी तो हटकून तोच घालायचा.

मी ठरवलं. गाते. पण तिनंसुद्धा ते पिसांचं घालायचं नाही. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मी कुठं घालणार होते?"

तो दिवस आला. जूनमधला, इथं तेव्हा नऊ वाजले तरी उजेड असतो. मी कामावरच होते, निळा ओव्हरऑल अंगात. मागच्या खोलीत ती तारा जुळवत होती. अंगात तिचं नेहमीचं जीनचं जॅकेट, केस मोकळे. मॅनेजर आला, हातात मोठा पुठ्ठ्याचा खोका. कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातनं आणलेला मुकुट. मी जवळून बघितलं. बदकाची पिसं रंगवलेली, टोकाला गोंद सुकलेला.

"फक्त एक गाणं," तो म्हणाला.

"नाही."

"पाच मिनिटं."

"नाही."

"रेडिओवाले बाहेर बसलेत. हॉल भरलाय. तुला कळतंय का तू काय घालवतीयस?"

"कळतंय. तुझ्यापेक्षा जास्त कळतंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, जशी काही मी समजावणार होते. "तुम्ही तरी सांगा हिला. नुसती टोपीच आहे."

मी म्हटलं, "मग तूच घाल ना. तुला शोभेल."

त्याचं तोंड लाल झालं. "ठीक आहे," तो म्हणाला. "आज शो नाही. आणि या देशात तुला परत कोण बोलावतंय ते मी बघतो." खोका उचलून गेला. थोड्या वेळानं स्टेजचे दिवे गेले, माईक गेला. त्यानं लोकांना सांगितलं की गायिका आजारी आहे, तिकिटाचे पैसे खिडकीवर घ्या. रेडिओवाल्यांनी वायरी गुंडाळल्या, गाडीत भरल्या आणि गेले. मी खिडकीतनं ती गाडी कोपऱ्यावर वळताना बघितली. तिनंपण बघितली.

ती बाजूच्या दारानं बाहेर पडली, पायरीवर पेटी ठेवली आणि तिच्यावर बसली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सॉरी आंटी. तुमचं गाणं राहिलं."

मी म्हटलं, "राहिलं कसं? तंबाखू माझ्या दातात आहे."

तिनं मान वर केली.

"चल," मी म्हटलं. "पुढच्या दारी चल. स्टेज त्याचं आहे. पायऱ्या कौन्सिलच्या आहेत, म्हणजे सगळ्यांच्या."

पुढच्या पायऱ्यांवर लोक जमले होते, कुरकुरत होते, सिगारेटी ओढत होते, पोस्टरकडं बोट करत होते. मी मॉपची बादली आणली, पाणी गटारात ओतलं, ती पालथी घातली. गुडघा दुखत होता म्हणून वरच्या पायरीवर बसले आणि बादली मांडीत घेतली. बोटांना ठेका आपोआप सापडला. बापाच्या हाताखाली उभी राहून कितीदा बघितला होता.

मग मी गायले. पुसताना म्हणायचे तेच, माझं मी जुळवलेलं.

आले गं किती, गेले गं किती, फरशी माझ्या हाताची
नाव त्यांचं दारावर गं, चकाकी माझ्या हाताची

आवाज पहिल्या ओळीला फाटला. दुसरीला बसला. लोकांना एक अक्षर कळत नव्हतं, पण सिगारेटी ओढायच्या थांबल्या. मुलगी ड्युटीवरनं सरळ आली होती, नर्सच्या कपड्यांत, ती गर्दीत उभी राहून मोठ्यांदा इंग्रजीत सांगत होती, "दॅट्स माय मम! शी क्लीन्स दिस हॉल!" मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. चार ओळी म्हटल्या, परत म्हटल्या, आणि थांबले. हात बादलीवर चालूच ठेवला.

बाईनं पेटी उघडली. वायर नाही, माईक नाही. ड्रमवाला पोरगा कुठूनतरी आला आणि पायरीच्या लोखंडी कठड्यावर काठ्या वाजवायला लागला. तिनं आधी आईच्या हाताचं गाणं म्हटलं. मग बसस्टॉपचं. मग एक नवीनच म्हटलं, तिच्या भाषेतलं, आजीला म्हणून दाखवायचं राहून गेलेलं. त्याचे शब्द ती परत शिकून आली होती, एका म्हाताऱ्या शेजारणीकडनं, मोठेपणी. गाताना एकदा अडली, थांबली, आठवलं, पुढं गेली. तिकिटाचे पैसे घ्यायला गेलेले लोक परत आले. एका बसवाल्यानं सिग्नल सुटला तरी बस तशीच उभी ठेवली, मागचे हॉर्न वाजवत होते.

मॅनेजर काचेच्या आत उभा होता. दार त्यानं उघडलं नाही. पण गाणं बंद करायलापण आला नाही. माझ्या पुसलेल्या काचेतनं तो स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं बरं. ओव्हरऑल घरी नेला, धुतला, वाळवला, कडक इस्त्री केली आणि नेऊन त्याच्या टेबलावर ठेवला. त्याला इस्त्रीचं काही कळलं नाही. त्याच्यासाठी केलीच नव्हती.

पुढं मी एका शाळेत सफाईला लागले. थंडीत पहाटे जावं लागायचं, बोटं सुजायची. चाललं. यापेक्षा वाईट दिवस बघितलेत.

तिला खरंच कुणी बोलवेना. मॅनेजरनं फोन केले का आपोआप झालं, देव जाणे. ठरलेल्या दोन-तीन ठिकाणांनी नको म्हणून कळवलं. उन्हाळा संपायच्या आत ती परत निघाली. कोच स्टेशनवर तिला सोडायला गेले. पेटी पायाशी ठेवून ती म्हणाली, "बहुतेक हे शेवटचंच, आंटी. घरी जाऊन नोकरी बघते. मासे कापायची फॅक्टरी अजून आहे."

मी पदराखालनं लाल कापड काढलं. न भाजलेली पानं त्यात होती, मी राखून ठेवलेली. डाव्या हातात धरली आणि पुढं केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला डाव्या हातानं काही दिलं.

"काय मागताय?" तिनं विचारलं. हात पुढं केला नव्हता अजून.

"पुढच्या उन्हाळ्यात यायचं आणि गायचं. कुठंपण. याच डोक्यानं."

"आणि कुणी बोलावलंच नाही तर?"

"मी बोलावतीय ना. माझ्या हातात काय धरलंय मग मी?"

कोचवाला पेट्या आत टाकत होता, ओरडत होता. मग तिनं घेतलं.

मी म्हटलं, "भाजू नको."

ती आली. पुढच्या वर्षी आली, त्याच्या पुढच्या वर्षी आली. नवऱ्याच्या फाउंड्रीवाल्यांच्या क्लबात गायली, तिथं बिंगो थांबवून तिला उभं केलं होतं. चर्चच्या हॉलमध्ये गायली, पबच्या वरच्या खोल्यांत गायली. वर्षाकाठी दोन-चार ठिकाणं वाढत गेली, लोक एकमेकांना सांगत गेले. मोठ्या रेडिओवर काही ती लागली नाही. माझी मुलगी म्हणते, "मम, ती फेमस तर झाला नाही ना?"

नाही झाली. तिसरी रेकॉर्ड तिनं स्वतःच काढली, कंपनी नाही, कुणी नाही. मला एक आणून दिली. वाजवायला मला मुलीला बोलवावं लागतं, म्हणून ती मी मिसरीच्या डबीशेजारी उभी करून ठेवलीय. सकाळी दात घासताना समोर असते. कव्हरवर ती तळ्याच्या काठी उभी आहे, तेच जॅकेट, हातात गिटार. डोकं उघडं. वाऱ्यानं केस सगळे तोंडावर आलेत आणि तिनं ते बाजूलापण केलेले नाहीत.